स्वयंपाक एकच, ताटातला पोळी-भात कमी

घरात कुणाच्या रिपोर्टमध्ये साखर वाढलेली दिसली की पहिला बदल होतो तो पिठाच्या डब्यात. गहू बंद, ज्वारी सुरू. नाहीतर गिरणीतून पाच धान्यांचं पीठ दळून येतं. भाकऱ्या मात्र आधीच्या पोळ्यांइतक्याच, कधी त्याहून जास्त. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) जवळपास तिथेच राहतं आणि सगळे म्हणतात, एवढं पथ्य पाळून काय उपयोग झाला?

उपयोग झाला नाही, कारण धान्य बदललं तरी कर्बोदकं, म्हणजे ज्यांची पोटात साखर होते ती, फारशी हलत नाहीत. १०० ग्रॅम तांदळात ती सुमारे ७८ ग्रॅम असतात, गव्हाच्या पिठात ६५ ते ७०, ज्वारी आणि नाचणीत ६७-६८, बाजरीत ६२ ते ६७. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, कॅल्शियमसाठी उत्तम, सिन्नर-येवल्याची बाजरी तंतूंसाठी आणि लोहासाठी चांगली. त्या जरूर खा, पण साखरेच्या हिशेबात त्यांना सूट नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्षही हाच आहे: भारतीयांच्या आहारात सरासरी ६२ टक्के उष्मांक (कॅलरी) कर्बोदकांतून येतात, आणि एकूण प्रमाण न घटवता नुसती मैदा-तांदळाच्या जागी गव्हाची किंवा भरड धान्याची पिठं आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही धान्यांचा वाटा एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंतच असावा असं म्हटलं आहे.

किती कमी करायचं

दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या प्रौढाच्या पोटात ६२ टक्क्यांच्या हिशेबाने ३१० ग्रॅम कर्बोदकं जातात. ती २४० ग्रॅमपर्यंत आणली तरी पुष्कळ झालं. म्हणजे रोज ७० ग्रॅमची कपात. ४० ग्रॅम पिठाच्या दोन पोळ्या कमी केल्या की ५२ ग्रॅम गेले. तीन कप चहातली दोन-दोन चमचे साखर एकेक चमच्यावर आणली की आणखी १५. एवढ्यावरच काम जवळजवळ होतं. सगळा पोळी-भात बंद करून पंधरा दिवसांत कंटाळण्यापेक्षा ही कपात वर्षभर टिकते.

औषधं चालू असतील तर आधी हे

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी चालू असेल तर पोळ्या कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. जेवण घटलं आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, जीव कासावीस होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी साखर तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असलेल्यांनी पोळी-भात पूर्ण बंद करणं किंवा कडक उपास करणं टाळा. रक्तात किटोन नावाची आम्लं वाढून रक्तच आम्लधर्मी होऊ शकतं, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळ, पनीर, अंडी वाढवण्याआधी विचारून घ्यावं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी ही कपात नाही. वाढत्या मुलांसाठीही नाही. मुलांच्या पोळी-भाताला हात लावू नका. त्यांच्याकडून काढायची ती बिस्किटं, सरबतं, कोल्ड्रिंक आणि दुधातली चॉकलेटी पावडर.

कणीक मोजून भिजवा

घरोघरी कणीक अंदाजाने भिजते, आणि अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो. दोन पोळ्या उरतात, सकाळी त्यांचा कुस्करा होतो आणि रात्री न खाल्लेलं पीठ नाश्त्याला पोटात जातं. फोडणीच्या भाताचंही तेच. म्हणून खरी कपात परातीत होते.

दोनशे-तीनशे रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. सुरुवातीला आठवडाभर रोज वापरा, मग हाताला माप बसतं. नेहमीच्या घडीच्या पोळीला ४० ग्रॅम पीठ लागतं, गोळा साधारण ६५ ग्रॅमचा होतो आणि त्यात २६ ग्रॅम कर्बोदकं असतात. फुलक्याला २५ ग्रॅम पीठ पुरतं, म्हणजे ४० ग्रॅमचा गोळा आणि १६-१७ ग्रॅम कर्बोदकं. भाकरीला मात्र ७५ ग्रॅम पीठ सहज लागतं. एक भाकरी जवळजवळ दोन पोळ्यांएवढी, ४८ ग्रॅमच्या आसपास. ‘मी फक्त दोनच भाकऱ्या खातो’ म्हणणाऱ्याच्या पोटात चार पोळ्यांचा ऐवज जात असतो.

तीन पोळ्या खाणाऱ्याला एकदम एक पोळी वाढली तर भांडण होईल. त्याला आधी तीन फुलके वाढा. संख्या तीच, पीठ १२० ग्रॅमवरून ७५ वर. दोन-तीन आठवड्यांनी फुलके दोन करा. भाकरीसाठी ५० ग्रॅमचा गोळा घ्या आणि लहान तव्यावर थापा. पातळ थापलेली लहान भाकरी कडक होते, म्हणून पीठ उकळत्या पाण्याने भिजवा आणि मंद आचेवर जास्त वेळ ठेवू नका.

पिठात सोयाबीन आणि हरभरा डाळ मिसळायची असेल तर सात भाग गहू, दीड भाग सोयाबीन, दीड भाग डाळ हे प्रमाण बरं. यातून कर्बोदकं दहा-अकरा टक्केच घटतात, प्रथिनं मात्र चांगली वाढतात. सोयाबीन भाजूनच दळायला द्या. कच्च्याचं पीठ उग्र लागतं आणि पचत नाही. या पिठात गव्हाची चिकटी कमी असल्याने पोळी कडेला फाटते. कोमट पाणी, चमचाभर तेल आणि अर्धा तास झाकून ठेवणं, एवढ्याने ती सरळ होते. दळण पंधरा दिवसांपुरतंच आणा, सोयाबीनच्या तेलामुळे पीठ खवट होतं.

रिकाम्या जागी काय

कपात फसते ती इथे. पोळी काढली, पण जागी काही आलं नाही, तर चार वाजता चिवड्याचा डबा उघडतो. चार माणसांत पाव किलो भेंडी ही आपली सवय आहे. त्या भेंडीची चमचा-दोन चमचे भाजी वाट्याला येते आणि ती संपवायला तीन पोळ्या लागतात. माणशी एका जेवणाला १५० ते २०० ग्रॅम भाजी हवी, म्हणजे चौघांना निवडलेली ७०० ग्रॅम. भाजीच्या बाबतीत नाशिककरांनी तक्रार करायला जागाच नाही. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भरणाऱ्या बाजारात गिलके, दोडके, कोबी, फ्लॉवर, मेथी, शेपू, काकडी आठवड्याची एकदम घेता येते. मेथीची मोठी जुडी निवडल्यावर पानं दीडशे-दोनशे ग्रॅमच भरतात आणि शिजून मूठभर होतात. चौघांना चार जुड्या धरा.

एवढी भाजी नेहमीच्या लहान कढईत केली की वाफ कोंडून गिळगिळीत होते आणि ‘पथ्याची भाजी’ म्हणून बाजूला सारली जाते. पसरट कढई घ्या, चार चहाचे चमचे तेल, आच मोठी. पालेभाजीत मीठ शेवटी घाला, कारण आधी अंदाजाने घातलेलं मीठ भाजी आटल्यावर खारट लागतं. मुठीएवढं दाण्याचं कूट किंवा दोन चमचे बेसन पेरलं तर चव आणि पोट दोन्ही भरतात. बटाटा भाजीत गणू नका, तो भाताच्या खात्यात.

दुसरी भर प्रथिनांची. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, एका अंड्यात ६, दोनशे ग्रॅम दह्यात ६, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. या सगळ्यांत कर्बोदकं थोडी. शेंगदाण्यांचा उष्मांक मात्र जड, एका मुठीत १७० च्या आसपास, तेव्हा वजन उतरवायचं असेल तर एकच मूठ. डाळींचा हिशेब वेगळा आहे. ४० ग्रॅम तूरडाळीत ९ ग्रॅम प्रथिनं असली तरी २२-२३ ग्रॅम कर्बोदकंही असतात. वरण घट्ट केलं की भात कमी झालाच पाहिजे. घट्ट वरण आणि पूर्वीइतका भात म्हणजे उलट वाढ. पिठलं त्यातल्या त्यात हलकं. १०० ग्रॅम बेसनात चौघांचं होतं, माणशी १५ ग्रॅम कर्बोदकं. त्यासोबत एक लहान भाकरी, कांदा आणि वाडगाभर मेथी पुरे. रविवारच्या काळ्या मसाल्याच्या मटणात अडचण मटणाची नसते. रस्सा झणझणीत, म्हणून भाकऱ्या वाढतात. रस्सा मध्यम तिखट ठेवा.

वाढताना आधी कोशिंबीर आणि भाजी, दोन-चार मिनिटांनी पोळी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी उसळते.

भात

५० ग्रॅम तांदळाचा दीडशे ग्रॅम भात होतो, त्यात ३९ ग्रॅम कर्बोदकं. पोळी आणि भात दोन्ही एका जेवणात नकोत. दुपारी पोळी, रात्री भात, किंवा उलट. इगतपुरीच्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात घशाखाली पटकन उतरतो, म्हणून तो वाटीने मोजूनच घ्या. भात वेळून घेतल्याने थोडा स्टार्च पेजेत जातो, पण थोडाच. कालचा गार भात चालतो या समजावरही फार विसंबू नका.

थंडीत फ्लॉवर स्वस्त झाला की भातात तो निम्मा घाला. निवडलेला ६०० ग्रॅम फ्लॉवर जाड किसा, चमचाभर तेल-जिऱ्यावर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता, मग मोकळ्या शिजवलेल्या भातात मिसळा. झाकण अजिबात ठेवू नका. वाफ धरली की लगदा होतो आणि वास येतो. मसालेभात आणि फोडणीच्या भातात हे खपून जातं. वरणभातात खपत नाही, तिथे प्रयत्नही करू नका.

मिसळ, उपास, द्राक्षं

मिसळ सोडायची गरज नाही. घरी करताना वाडगाभर मोडाची मटकी, वर फरसाण दोन चमचे, दही, कांदा भरपूर, आणि एकच पाव. एका पावात २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, पण रस्सा उरला म्हणून दुसरा, पाव उरला म्हणून पुन्हा रस्सा, असं चालतं. रश्श्यात बटाटा नको. पोह्यांच्या दिवशी माणशी ३० ग्रॅम पोहे, त्यात तेवढेच मटार, मूठभर कोबी आणि शेंगदाणे; जोडीला अंडं किंवा दही.

उपासाचा दिवस आठवड्यात सगळ्यात जड जातो. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळपास शून्य, वर बटाटा. भगरही हलकी नाही. उपास करायचाच तर लहान वाटी भगर, मोठी वाटी शेंगदाण्याची आमटी, दही-काकडी, आणि घरात चालत असेल तर राजगिऱ्याची भाजी किंवा लाल भोपळा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात द्राक्षांची पेटी असते आणि येता-जाता तोंडात टाकली जातात. १०० ग्रॅममध्ये १६ ग्रॅम कर्बोदकं. अर्धा किलो गप्पांत संपली तर तीन पोळ्यांएवढी झाली. १५ द्राक्षं वाटीत काढा आणि पेटी आत ठेवा. बेदाणे सुकलेले, त्यांत शंभराला पाऊणशेच्या वर. पेरू मनसोक्त खा. गुळाच्या चहाने काही वाचत नाही, गुळातही ८५ टक्के कर्बोदकंच. चार वाजता फुटाणे, ताक, काकडी हाताशी असू द्या.

पहिल्या पंधरा दिवसांतल्या कुरबुरी

बद्धकोष्ठ होतं, कारण गव्हाच्या कोंड्यातले तंतूही गेले आणि भाजी अजून वाढलेली नाही. भाजी आणि पाणी वाढवा. डोकं जड होणं, गळून गेल्यासारखं वाटणं चार-पाच दिवसांत जातं. मिठाचं ताक बरं वाटतं, रक्तदाब असणाऱ्यांनी ते बिनमिठाचं घ्यावं. रात्री भूक लागत असेल तर संध्याकाळच्या जेवणात प्रथिनं कमी पडताहेत.

बदलाचा परिणाम ग्लुकोमीटरवर बघता येतो. जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आज पोळी, पुढच्या आठवड्यात भात, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. द्राक्षाचा किंवा गुळाचा चिकटा बोटाला राहिला असेल तर आकडा उगाच वर दिसतो.