दहा सेकंदांची जिंगल: आधी मात्रा मोजा

जिंगल म्हणजे जाहिरातीचं छोटंसं गाणं. रेडिओवर जाहिरातीचा वेळ बहुधा दहा सेकंदांच्या पटीत विकला जातो, म्हणून चाल लावण्याआधी लय ठरवा. मिनिटाला ९६ मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, लय धरली, तर दहा सेकंदांत १६ मात्रा बसतात, म्हणजे केरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) बरोबर दोन आवर्तनं, पूर्ण फेऱ्या. दादरा (सहा मात्रांचा ताल) हवा असेल तर लय १०८ ठेवा. १८ मात्रांत तीन आवर्तनं होतात. शेवटच्या एक-दोन मात्रा मोकळ्या सोडा, नाहीतर पुढची जाहिरात तुमच्या नावावरच आदळते.

शब्द दहा-बाराच. पत्ता, सवलत, फोन नंबर गाण्यात कोंबू नका. ते निवेदकाला बोलू द्या. दुकानाचं नाव दोनदा यावं, त्यातलं एकदा अगदी शेवटी, आणि त्याचं ठसठशीत अक्षर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडावं. इथेच सगळ्यात जास्त जिंगल फसतात. नावातला दीर्घ स्वर लांब सुरावर ठेवा. ‘सुमन’मधला ‘सु’ ताणला की ऐकणाऱ्याला ‘सूमन’ ऐकू येतं, आणि दुकानाचं नाव चुकीचंच डोक्यात बसतं.

चाल पाच-सहा सुरांतच फिरवा. जे लहान मुलाला गुणगुणता येत नाही, ते घराघरांत पोचत नाही.

मिक्सिंग (आवाज आणि वाद्यांचा मेळ) महागड्या स्पीकरवर ऐकून पास करू नका. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एकत्र करून), आवाज कमी करून ऐका. नाव स्पष्ट येत नसेल, तर गायकाचा आवाज वाढवण्याआधी त्या जागेची वाद्यं कमी करा.