सिझेरियनमध्ये स्पायनलनंतर बीपी घसरतं? या चुका टाळा

स्पायनलनंतर, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शननंतर, बीपी घसरणं इतकं नेहमीचं आहे, की आकडा पडेपर्यंत थांबायची सवयच लागते. सगळ्यात मोठी चूक हीच. वारेतून बाळाला मिळणारं रक्त आईच्या बीपीवर अवलंबून असतं. म्हणून औषध बीपी पडू नये यासाठी द्यायचं.

नुसत्या सलाईनवर भिस्त ठेवू नका. स्पायनलने रक्तवाहिन्या सैलावतात, हे खरं कारण. आधी चढवलेलं सलाईन थोड्याच वेळात वाहिन्यांबाहेर झिरपतं. ते स्पायनल देतानाच जोरात सोडा आणि जोडीला रक्तवाहिन्या आवळणारं फिनाइलएफ्रिन घ्या. 2018 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार स्पायनलनंतर लगेच मिनिटाला 25 ते 50 मायक्रोग्रॅमने त्याचं इन्फ्युजन (शिरेतून सतत थोडं थोडं औषध) सुरू करायचं आणि वरचं बीपी मूळ आकड्याच्या किमान 90 टक्के राखायचं. त्यासाठी मूळ आकडा आधी नीट मोजलेला हवा, आणि नंतर बाळ बाहेर येईपर्यंत दर मिनिटाला बीपी.

फिनाइलएफ्रिन पातळ करताना घाई नको. 10 मिलिग्रॅमचं अँप्यूल 100 मिली सलाईनमध्ये घातलं, की 1 मिलीत 100 मायक्रोग्रॅम येतात. तेच 10 मिलीच्या सिरिंजमध्ये केलं तर प्रत्येक मिलीत दहापट औषध! सिरिंजवर नाव आणि मात्रा लिहिल्याशिवाय ती ट्रेमध्ये ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

नाडीकडे दुर्लक्ष हीही चूकच. फिनाइलएफ्रिनने नाडी मंदावते. बीपी आणि नाडी दोन्ही खाली असतील तर नाडी वाढवणारं एफेड्रिन किंवा ॲट्रोपिन लागतं. मात्र एफेड्रिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि त्याच्या रक्तातली आम्लता वाढवू शकतं, म्हणून ते पहिली निवड नको.

"मळमळतंय," असं आई म्हणाली की उलटीचं इंजेक्शन शोधण्याआधी मॉनिटर बघा. बऱ्याचदा बीपी घसरल्याची पहिली खूण तीच असते. पाठीवर सपाट झोपवलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. उजव्या कुल्ल्याखाली उशी सारून पोट डावीकडे कलतं करा. बाळ आल्यावरही सैल सोडू नका. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून दिलेलं ऑक्सिटोसिन एकदम ढकललं तर बीपी पुन्हा कोसळतं, ते सावकाश द्या.

प्रीएक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराच्या) पेशंटला मात्र हीच मात्रा डोळे झाकून देऊ नका. तिचं बीपी सहसा कमी घसरतं आणि औषधही कमीच लागतं.