मोम्बासाला माल पाठवताय? आधी तिथला पेपर वाचायला शिका

वाशीला सेक्टर १७ मध्ये आमचं फॉरवर्डिंगचं, म्हणजे लोकांचा माल जहाजाने परदेशी पाठवून द्यायचं, छोटं ऑफिस आहे. न्हावा शेवाहून केनियातलं मोम्बासा, टांझानियातलं दार-एस-सलाम, नायजेरियातलं लागोस या बाजूला माल जातो: औषधं, रिक्षाचे सुटे भाग, मधूनमधून तांदूळ. माझं काम कागदपत्रांचं: कस्टमचं शिपिंग बिल आणि बीएल, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती. पण नेरूळला लोकलमध्ये चढले की मी मोबाइलवर आधी तिकडचे पेपर उघडते. वाशी येईपर्यंतच्या दहा-बारा मिनिटांत दोन पेपर चाळून होतात.

ही सवय नुकसानीतून लागली. एका देशातल्या सरकारी पेपरात ‘बंदराचं काम सुरळीत’ असं वाचलं आणि मी पार्टीला, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाला, म्हणाले, निर्धास्त राहा. आमचे दोन कंटेनर तिथे एकोणीस दिवस अडकले. डेमरेज, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा दंड, आमच्या अंगावर आलं. तिथल्या खाजगी पेपरात संपाची बातमी तीन दिवस आधीच आली होती, मी ती उघडलीच नव्हती. ऑफिसात नवीन लागलेल्या पोराला आता जे शिकवते, तेच इथे लिहितेय.

आधी मालक कोण ते बघा आणि पेपरांच्या जोड्या लावून ठेवा, एक सरकारी आणि एक खाजगी. टांझानियात ‘डेली न्यूज’ आणि स्वाहिलीतला ‘हबारी लेओ’ सरकारी. ‘द सिटिझन’ आणि ‘म्वानांची’ खाजगी. केनियात केबीसी हे रेडिओ-टीव्ही सरकारी; ‘डेली नेशन’, ‘स्टँडर्ड’, सिटिझन टीव्ही खाजगी. नायजेरियात एनटीए हा टीव्ही सरकारी. ‘पंच’ आणि चॅनल्स टीव्ही खाजगी. काही ठिकाणी मामला सरमिसळ असतो. युगांडाच्या ‘न्यू व्हिजन’मध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा, आणि तरी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. मोझांबिकच्या ‘नोतिसियास’मध्ये मोठा वाटा तिथल्या मध्यवर्ती बँकेचा. म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेने पेपर काढावा तसं!

जाता जाता, ‘स्टँडर्ड’ची सुरुवात आपल्याच बाजूच्या माणसाने केली. कराचीत जन्मलेले व्यापारी ए. एम. जीवनजी यांनी १९०२ मध्ये मोम्बासात तो ‘आफ्रिकन स्टँडर्ड’ या नावाने काढला आणि तीनेक वर्षांत विकून टाकला.

सगळीकडचं ‘सरकारी’ मात्र एका मापाने मोजू नका. घानाचा ‘डेली ग्राफिक’ही सरकारी मालकीचाच, पण १९९२ च्या राज्यघटनेने तिथे सेन्सॉरशिपला मनाई केली आणि सरकारी माध्यमांवर नेमणुका करायला वेगळा राष्ट्रीय माध्यम आयोग ठेवला. उलट एरिट्रियात सप्टेंबर २००१ मध्ये खाजगी पेपर बंद केले गेले, ते बंदच. तिथे जोडी लावायला दुसरा पेपरच नाही.

सरकारी पेपर टाकून द्यायचा नसतो. नवा कर, आयातीचे नियम, बंदर प्रमुखाची बदली, टेंडर हे सगळं तिथे नीट आणि लवकर मिळतं. पोराला मी सांगते, सरकारला काय करायचंय ते सरकारी पेपरात वाच, आणि त्याचं पुढे काय झालं ते खाजगीत. खाजगीत पहिल्या पानावर असलेली बातमी सरकारीत औषधालाही सापडली नाही, तर पेन्सिलने खूण कर. त्या खुणांनीच माझे पैसे वाचवलेत.

खाजगी म्हणजे निर्भीड, असंही धरून चालू नका. जाहिराती मोजा. केनिया सरकारने २०१७ मध्ये सरकारी खात्यांच्या जाहिराती खाजगी पेपरांना देणं थांबवून त्या स्वतःच्या ‘मायगव्ह’ पुरवणीत घालायचं ठरवलं. सरकारी खाती हा अशा पेपरांचा मोठा जाहिरातदार. तो हात आखडतो तेव्हा पेपराची भाषाही मऊ होऊ शकते. आपल्याकडे गल्लीतल्या साप्ताहिकाचं जे होतं, तेच.

एखादं चॅनल बंद पडलं, तर ती सर्वांत मोठी बातमी समजा. ३० जानेवारी २०१८ ला विरोधी नेते रायला ओडिंगांच्या प्रतीकात्मक शपथविधीच्या दिवशी केनियात सिटिझन, एनटीव्ही आणि केटीएन ही तिन्ही खाजगी चॅनलं सरकारने बंद केली. कोर्टाने सुरू करा म्हटल्यावरही ती लगेच सुरू झाली नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये टांझानियाने म्वानांची कंपनीचे ऑनलाइन परवाने तीस दिवसांसाठी निलंबित केले. असं काही दिसलं की नवं बुकिंग आठवडाभर थांबवा आणि पार्टीकडून आधी पैसे घ्या.

स्वाहिलीला घाबरू नका. हबारी म्हणजे खबर, बंदारी म्हणजे बंदर, बिमा म्हणजे विमा, दुका म्हणजे दुकान, सेरिकाली म्हणजे सरकार. टांझानियात रिक्षाला तर सरळ ‘बजाजी’ म्हणतात! तुम्हाला नवा शिकायचा शब्द एकच, म्गोमो, म्हणजे संप. आणि वेळ जपा. त्यांचं घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. ‘सा न्ने असुबुही’ला भाषांतराचं अ‍ॅप चार म्हणेल, पण ते सकाळचे दहा असतात. माझं एकदा कस्टमच्या कट-ऑफचं, म्हणजे शेवटच्या वेळेचं, गणित त्यात चुकलं होतं.

सगळं वाचून झालं की तिथल्या आपल्या एजंटला फोन. नैरोबी आपल्या अडीच तास मागे आहे आणि लागोस साडेचार, त्यामुळे मोम्बासाला साडेअकराच्या आधी लावू नका. ‘सगळं ठीक ना?’ असं तर विचारूच नका. उत्तर ‘हकुना शिदा’ येणार, काही अडचण नाही. मी विचारते, गाडीत रेडिओ लावला होतास का, बंदराचं काय सांगत होते, आणि आत्ता गेटवर किती ट्रक उभे आहेत?