कावीळ सहा आठवड्यांत उतरली नाही तर

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा चार-सहा आठवड्यांत ओसरते. काविळीच्या माळेला यश येते ते त्यामुळेच. माळ पोटापर्यंत उतरेस्तोवर रोग तसाही सरत आलेला असतो. सहा आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, किंवा कावीळ नसताना एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) महिनोन्‌महिने वाढलेले असेल, तर ऑटोइम्यून हेपॅटायटिसचा विचार करा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते. रुग्णांत बायका जास्त. थकवा, सांधेदुखी, पाळी चुकणे ही लक्षणे ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईनवर भागवली जातात.

विदर्भात पहिला घोळ सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन फुटण्याच्या आनुवंशिक आजाराचा. त्यात डोळे अनेकदा पिवळे असतात, पण वाढते ते मुख्यतः इनडायरेक्ट बिलिरुबिन (पेशी फुटून तयार होणारे, यकृतात प्रक्रिया न झालेले पिवळे द्रव्य). रक्तपेशी फुटल्याने एसजीओटी हे दुसरे एन्झाइमही चढते, म्हणून नजर एसजीपीटीवर ठेवा. ते नॉर्मलच्या पाच-दहा पट असेल तर सिकलवर ढकलून मोकळे होऊ नका.

आधी हेपॅटायटिस ए, बी, सी, ई तपासा. दारू, टीबीची औषधे, गुळवेलीचा काढा, झाडपाला यांबद्दल खोदून विचारा. गुळवेलीनंतर अगदी असाच आजार दिसल्याच्या नोंदी आहेत. तरुण रुग्णात विल्सन (यकृतात तांबे साठण्याचा आजार) नाही ना, यासाठी सेरुलोप्लाझमिन ही रक्ततपासणी करा. मग स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या: एएनए, एएसएमए, लहान मुलांत एलकेएम-1, आणि रक्तातील एकूण आयजीजी प्रतिपिंडे. नुसत्या एएनए पॉझिटिव्हवर निदान होत नाही. शिक्कामोर्तब बायोप्सीने, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून तपासल्याने होते, त्यासाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागते. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) 1.5 च्या वर असेल किंवा पोटात पाणी असेल, तर सुई पोटातून न घालता मानेच्या शिरेतून नेतात. सिकलचा झटका सुरू असताना बायोप्सी टाळा.

उपचार: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दर किलो वजनाला 0.5 ते 1 मिग्रॅ, म्हणजे 50 किलोच्या बाईला रोज 25 ते 50 मिग्रॅ, सकाळी जेवून. साधारण दोन आठवड्यांनी, बिलिरुबिन 6 मिग्रॅ/डीएलच्या खाली आले की प्रतिकारशक्ती आवरणारे अझाथायोप्रिन 50 मिग्रॅ जोडतात आणि स्टेरॉइड हळूहळू उतरवतात. अझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवाच: भारतीयांत एनयूडीटी15 जनुकातील दोषामुळे पांढऱ्या पेशी झपाट्याने कोसळू शकतात. केस पुंजक्याने गळू लागले तर थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. सिकलसाठी हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर तेही पांढऱ्या पेशी कमी करते, म्हणून धोका आणखी मोठा समजा. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्याला अझाथायोप्रिन देऊच नका. स्टेरॉइडआधी टीबी आणि साखर बघा, सोबत कॅल्शियम व ड जीवनसत्त्व द्या.

सगळ्यात जास्त बिघडते ते इथे: महिनाभरात भूक लागते, चेहरा भरतो, बाई पेरणीला जाते आणि गोळ्या सुटतात. स्टेरॉइड अचानक तोडले की रक्तदाब कोसळू शकतो, यकृताचा दाहही उसळतो. एसजीपीटी आणि आयजीजी नॉर्मल झाल्यावरही किमान दोन वर्षे उपचार चालतात. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता तुटतो, म्हणून जूनमध्येच महिनाभराच्या जादा गोळ्या घरी ठेवा. दिवसा झोप, रात्री जागरण, बरळणे, काळी शौच, यातले काही दिसले तर 108 बोलवा.