पद्मिनीला शोभेल असा रेडिओ

माझी प्रीमियर पद्मिनी १९७४ची. डॅशबोर्डवर आधीच्या मालकाने बसवलेला निळ्या दिव्यांचा यूएसबी प्लेअर होता. दिसायचा लग्नाच्या मांडवासारखा! तो काढला. त्या जागी गाडीच्याच काळातला रेडिओ हवा होता.

जुन्या बाजारात आधी एक व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा सेट आवडला, क्रोम तर काय चकाकत होतं. पण तो पन्नासच्या दशकातला. चौऱ्याहत्तरच्या गाडीत ट्रान्झिस्टरचाच हवा. कॅसेटवालाही नको, ती चैन आपल्याकडे नंतरची. शेवटी दोन नॉब आणि पाच बटणांचा, फक्त मीडियम वेव्हचा सेट घेतला. (तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, आज मुलांना पटतच नाही.)

बसवला आणि नुसती घरघर. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, म्हणजे दोष डायनॅमोचा, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा. त्याच्या जाड वायरच्या टर्मिनलवर एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (विजेतला गोंगाट शोषणारा छोटा भाग) लावून त्याचं अर्थिंग गाडीच्या बॉडीला दिलं. डायनॅमोच्याच दुसऱ्या, फील्डच्या बारीक टर्मिनलला तो चुकूनही लावू नका. टकटक उरली होती ती इग्निशनची. ठिणगीचा गोंगाट दाबणारा सप्रेसर लावल्यावर गेली.

तरी आवाज क्षीणच. एरियलच्या सॉकेटजवळ ट्रिमरचा, म्हणजे रेडिओ एरियलशी जुळवून घ्यायचा बारीक स्क्रू असतो, हे मला कुठे ठाऊक! १४०० किलोहर्ट्‌झच्या आसपास एक अंधुक स्टेशन पकडून, एरियल पूर्ण वर काढून, तो हळूहळू फिरवला. एका जागी आवाज एकदम उघडला.

आता ७९२ किलोहर्ट्‌झवर पुणे आकाशवाणी स्वच्छ लागते. फक्त विजेच्या तारांखालून जाताना कुरकुरते.