कुंडीत आणि अंगणात ब्रोमेलियाड कशी लावावीत

नर्सरीतून लालभडक तुऱ्याचं ब्रोमेलियाड घरी येतं. चार महिन्यांत तुरा तपकिरी पडतो, पाठोपाठ पानं लोळतात आणि ‘हे झाड आपल्या हवेत जगत नाही’ असा निकाल लागतो. दोष बहुधा हवेचा नसतो. कुंडीत लाल माती आणि शेणखत ठासून भरलेलं असतं, रोज सकाळी मुळाशी तांब्याभर पाणी पडत असतं, आणि बुंध्याशी आलेला फुटवा कुणी पाहिलेलाच नसतो.

अननस ज्या ब्रोमेलिएसी कुळातला, त्याच कुळातली ही सगळी मंडळी. पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. शोभेसाठी लावतात त्यातल्या बहुतेक जाती रानात झाडांच्या फांद्यांवर राहतात. परजीवी नव्हेत, फांदीचा फक्त आधार घेतात. मुळांचं मुख्य काम धरून ठेवण्याचं. पाणी आणि अन्न पानांवरचे सूक्ष्म खवले शोषतात, आणि पानांचे देठ एकमेकांत घट्ट बसून मध्ये जो पोंगा तयार होतो त्यात पावसाचं पाणी साठतं. माती, पाणी, खत यांबद्दल पुढे जे सांगितलं आहे ते सगळं यातूनच निघतं.

कोणतं झाड घ्यावं

पहिलं झाड निओरेगेलियाच घ्यावं. त्याचं फूल अगदी लहान, पोंग्यातल्या पाण्याबाहेर जेमतेम डोकावणारं. शोभा पानांची, त्यामुळे फुलोरा ओसरला तरी रंग बराच काळ टिकतो. ‘फायरबॉल’ हा लहान वाण ४ इंची कुंडीत किंवा टांगत्या टोपलीत बसतो आणि फुटव्यांनी ती भरून टाकतो. ‘ट्रायकलर’च्या पानांवर पांढरट पट्टे असतात आणि फुलायच्या वेळी मधली पानं लाल-गुलाबी होतात. ऊन, उकाडा आणि मालकाची हयगय, तिन्ही निओरेगेलिया सोसतं.

दुकानांत जास्त दिसतं ते गुझमानिया: गुळगुळीत हिरवी पानं आणि मधून उभा लाल, पिवळा किंवा नारिंगी तुरा. तुरा दोन-चार महिने टिकतो, पण झाडाला सावली आणि दमट हवा लागते. मुंबई, कोकण, गोव्यात ते सुखानं राहतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात घराबाहेर ठेवू नये. घेताना तुरा पूर्ण उघडलेला नको, आत रंगीत पानं अजून मिटलेली असावीत. बुंध्याशी फुटव्याचं टोक दिसत असेल तर ते झाड आधी उचलावं.

एकमिया फॅसिआटाच्या पानांवर चंदेरी पट्टे असतात. ती धूळ नव्हे. ओल्या फडक्यानं एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा येत नाही. पानांच्या कडा काटेरी, म्हणून लहान मुलांच्या वाटेवर ठेवू नये. बिलबर्गियाचं फूल आठ-पंधरा दिवसांचंच, पण ते चिवट आहे आणि कुंपणाकडेचा रिकामा कोपरा भरायला उत्तम. क्रिप्टँथस जमिनीलगत पसरतं, त्याच्या पोंग्यात पाणी साठत नाही. टिलँडसियाला तर मातीच लागत नाही. पुढे डासांचा प्रश्न येईल तेव्हा ही दोन नावं लक्षात ठेवा.

भरण

कुंडीत भरायचं ते खडबडीत, हवा खेळती ठेवणारं हवं. मापानं असं घ्यावं: नारळाच्या सोडणाचे अर्धा ते एक इंची तुकडे ३ भाग, लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे १ भाग, विटांचे तेवढेच तुकडे १ भाग, धुतलेलं कोकोपीट १ भाग. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवावेत आणि रोज पाणी बदलावं. पाण्याचा गडद तपकिरी रंग फिका झाला की ते वापरायला तयार. कोकोपीटमध्ये क्षार असतात, तेही दोन पाण्यांनी धुऊन पिळून घ्यावं. काळी माती, लाल माती, शेणखत यातलं काही घालायचं नाही. भरण बरोबर झालं की नाही हे पाहायला तांब्याभर पाणी ओता: ते वर तुंबता कामा नये, लगेच खालून वाहून गेलं पाहिजे.

क्रिप्टँथस इथे अपवाद. ते मुळांनीच पाणी घेतं, म्हणून त्याच्यासाठी कोकोपीट दुप्पट आणि थोडं गांडूळखत चालतं.

लावताना

१. कुंडी लहान घ्यावी. लहान जातींना ४ इंची, मोठ्या निओरेगेलिया-गुझमानियाला ५ ते ६ इंची पुरते. मोठ्या कुंडीत मधलं भरण सुकतच नाही आणि बुंधा कुजतो. किनारपट्टीवर मातीची कुंडी बरी, मराठवाडा-विदर्भात प्लॅस्टिकची. झाड वरून जड असतं, म्हणून प्लॅस्टिकच्या कुंडीच्या तळाशी दोन दगड ठेवावेत, नाहीतर पहिल्या वाऱ्यात ती आडवी होते.

२. झाड जुन्या कुंडीतून काढून मुळांभोवतीचा चिकट भाग झटकावा. तळाची वाळलेली पानं ओढून काढावीत.

३. बुंधा फक्त मुळांपर्यंत भरणात बसवावा, सगळ्यात खालच्या पानाचा देठ वर उघडा राहिला पाहिजे. झाड डुगडुगतं म्हणून ते खोल पुरण्याचा मोह होतो, आणि सगळ्यात जास्त झाडं इथेच जातात. त्यापेक्षा दोन-तीन काड्या रोवून सुतळीनं आधार द्यावा. झाड हलत राहिलं तर नवीन मुळांची टोकं तुटतात. आधार दोन महिने तरी ठेवावा.

४. पहिले दोन आठवडे सावलीत ठेवावं. भरण नुसतं दमट राहू द्यावं, पोंग्यात थोडंसं पाणी.

अंगणात लावायचं असेल तर कुंडीसकटच जमिनीत बसवणं सगळ्यात सोयीचं: कुंडीच्या काठापर्यंत खड्डा, तळाशी खडी, भोवती पालापाचोळा. पावसाळ्यात जागा बदलता येते आणि झाड बिघडलं तर शेजारचं न दुखवता काढता येतं. आंबा किंवा फणसाखाली लावलं तर गळलेली पानं पोंग्यात अडकून कुजतात, ती आठवड्याला वेचावी लागतात.

चाफ्याच्या बेचक्यात किंवा सुपारी-नारळाच्या खोडावर बांधलेलं झाड कुंडीतल्यापेक्षा देखणं दिसतं. मुळाशी सोडणाचा तुकडा ठेवून जुन्या मोज्याच्या पट्टीनं किंवा नायलॉनच्या दोरीनं घट्ट बांधावं. जून महिना त्यासाठी चांगला. पावसाळा संपेपर्यंत मुळं सालीला धरतात. बांधायला तांब्याची तार कधीच वापरू नये. तांबं या कुळाला विष आहे. कोकण-गोव्यातल्या बागायतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात आणि त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचंच संयुग असतं. ते खालच्या ब्रोमेलियाडवर ठिबकलं की पोंगा जळतो. फवारणीच्या आधी कुंड्या हलवाव्यात. खोडावर बांधलेल्यांसाठी ती सुपारी निवडूच नये. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकालाही हेच लागू.

पाणी, आणि डास

पोंगा अर्धा भरलेला ठेवावा. भरण वरून इंचभर सुकलं की त्यालाही थोडं पाणी द्यावं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात दहा दिवसांतून एकदा पुरे होतं. बोअरच्या जड पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडतात आणि टोकं करपतात. अशा ठिकाणी पावसाचं पाणी साठवून वापरावं. तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणी घालू नये.

आता डासांचा प्रश्न, जो टाळून या झाडांबद्दल लिहिणं बरोबर नाही. डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पोंगा त्याला आयता मिळतो. म्हणून आरोग्य खात्याचा आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ ब्रोमेलियाडवाल्यांनी चुकवू नये. त्या दिवशी कुंडी उलटी करून जुनं पाणी ओतावं आणि पाइपच्या जोरदार धारेनं पोंगा आतून धुवावा. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या काठाला पानाला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात. जमिनीतल्या आणि खोडावरच्या झाडांना पाइपची धार पुरते: जुनं पाणी उसळून बाहेर पडेपर्यंत. शिवाय बीटीआय ही जिवाणूजन्य भुकटी वेष्टनावरच्या प्रमाणात पोंग्यात टाकावी. ती अळ्या मारते, झाडाला काही करत नाही. रॉकेल किंवा जळकं तेल मात्र टाकू नका, त्यानं अळ्यांबरोबर झाडही मरतं.

जून ते सप्टेंबर कुंड्या तिरक्या लावून पोंगा रिकामा ठेवला तरी चालतं. तेवढ्या दमट हवेत झाड तहानेनं मरत नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा वस्तीत डेंगीचे रुग्ण असतील तर पाणी साठवणारी झाडं त्या वर्षी आणूच नयेत. क्रिप्टँथस आणि टिलँडसियावर हौस भागवावी.

टिलँडसिया आठवड्यातून एक-दोनदा २० ते ३० मिनिटं पाण्यात बुडवून ठेवावं, मग उलटं धरून झटकावं आणि वाऱ्यावर ठेवावं. चार तासांत ते कोरडं व्हायला हवं. बंद काचेच्या बरणीत ते कुजतं, दुकानदार काहीही म्हणो. कोकणच्या पावसाळ्यात बुडवण्याची गरज सहसा पडत नाही.

ऊन आणि खत

निओरेगेलियाला सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तर पानं आखूड, रुंद आणि लाल होतात. सावलीत तेच झाड लांबट, हिरवं आणि ढिलं होतं. नर्सरीनं फसवलं असं वाटतं, पण वाण तोच असतो. सावलीतलं झाड एकदम उन्हात ठेवू नये, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवावं. मार्च ते मे ५० टक्के शेडनेट हवीच. पान जिथे वाकतं त्या उंचवट्यावर फिकट किंवा तपकिरी चट्टा दिसला तर ते ऊन लागलेलं आहे. तो चट्टा जात नाही. गुझमानियाला आणि व्ह्रीसियाला (याच कुळातलं आणखी एक शोभेचं झाड) ७५ टक्के नेट, किंवा पूर्वेच्या खिडकीजवळची जागा. थंडीत पारा १० अंशांखाली जात असेल तर गुझमानिया रात्री आत घ्यावं.

खत जितकं कमी तितकं झाड रंगीत. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा गुझमानियाच्या पानांवर फवारावं. निओरेगेलियाला याच्या निम्मं, तेही दोन महिन्यांतून एकदा आणि भरणात. नत्र जास्त झालं की लाल रंग उतरतो. दाणेदार खत, शेणपाणी, जीवामृत पोंग्यात ओतू नये. तिथे ते आंबतं आणि कोवळं पान करपतं.

फुललं, आता पुढे काय

एक पोंगा आयुष्यात एकदाच फुलतो. त्यानंतर तो सहा महिने ते दोन वर्षं हळूहळू वाळतो आणि त्या काळात बुंध्याशी फुटवे देतो. तुरा तपकिरी झाला की तळाशी कापावा, झाड फेकू नये. फुटवा आईच्या निम्म्या उंचीचा झाला की धारदार सुरीनं बुंध्यालगत कापावा. एक-दोन दिवस सावलीत कापाला कोरडं होऊ द्यावं, दालचिनीची पूड लावावी आणि वर सांगितल्याप्रमाणे लावावं. लहानपणी तोडलेला फुटवा वर्षभर रुसून बसतो. गुझमानियाचा फुटवा पुष्कळदा पानांच्या आतून निघतो. तो तोडण्याच्या भानगडीत पडू नये, जुनी पानं वाळतील तशी कापत जावीत.

फुटवा वाढून दोन-तीन वर्षं झाली तरी फुलत नसेल तर पोंगा रिकामा करावा, कुंडीसह झाड पारदर्शक पिशवीत घालून आत एक पिकलेलं सफरचंद ठेवावं आणि तोंड बांधून आठवडा-दहा दिवस सावलीत ठेवावं. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं झाडाला फुलण्याचा इशारा मिळतो. तुरा दीड ते तीन महिन्यांनी दिसतो. अननसाच्या शेतात इथेफॉन हे रसायन वापरतात ते याच कामासाठी. अपुऱ्या वाढीच्या झाडावर हा प्रयोग केला तर तुरा खुरटा येतो.

बिघाड ओळखताना

मधलं पान ओढल्यावर सहज हातात आलं आणि घाण वास आला तर पोंगा कुजला. कारण खोल लावणी, पोंग्यातलं खत, किंवा मेच्या उन्हात तापलेलं पाणी. कुजका भाग काढून धुवावा, झाड कोरडं ठेवावं. बुंधा टणक असेल तर बाजूनं फुटवे येतात. मधली पानं एकमेकांना चिकटून नळी झाली तर झाडाला पाणी कमी पडतंय. पोंग्यात पाण्याबरोबर भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून तासाभरानं पानं बोथट काडीनं सोडवावीत आणि स्वच्छ धुवावं.

पानाखाली तपकिरी ठिपके नखानं निघाले तर ती खवले कीड. कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. दोन्हींना औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यानं लावावं, दहा मिनिटांनी पाण्यानं धुवावं, आठवड्यानं पुन्हा करावं. कडुनिंबाचं तेल इतर झाडांना उत्तम, पण इथे पानावरचे शोषणारे खवले तेलानं बुजतात. टिलँडसियावर तर ते मुळीच फवारू नये.