शेवटच्या कुंड्या कोरड्या का राहत होत्या

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या बाल्कनीत ठिबक सिंचन बसवून वर्ष होत आले, तेव्हा मोगऱ्याच्या शेवटच्या दोन कुंड्या कोरड्या पडू लागल्या. तिथल्या ताशी २ लिटरच्या ड्रिपरखाली (नळीवरच्या, पाणी थेंबथेंब सोडणाऱ्या तोटीखाली) भांडे ठेवले. १५ मिनिटांत अर्धा लिटर पाणी जमायला हवे होते, तिथे जेमतेम चार चमचे जमले. नळीच्या टोकाचे बूच काढून पाणी जोरात सोडल्यावर आधी हिरवट, बुळबुळीत गाळ आला आणि मगच स्वच्छ धार लागली. नळाजवळ जाळीचा फिल्टर न बसवणे, ही माझी खरी चूक. आमच्याकडे अनेकदा टँकरचे पाणी येते. ड्रिपरवरचे पांढरे क्षार रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर सुटले. आता फिल्टर बसवला आहे, आणि दर पंधरवड्याला बूच काढून नळी धुतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मोगऱ्याने पुन्हा कळ्या धरल्या आहेत.